धामणदऱ्यातली दगडफुलं

परभणीत प्रभावती पिंगळीकरला कॉलेजातली पोरं ‘दगडाच्या बाई’ म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. वनस्पतिशास्त्र शिकवणारी, चाळिशीकडे झुकलेली, बिनलग्नाची बाई दर सुट्टीला खांद्याला पिशवी अडकवून जिंतूरच्या एसटीत बसते आणि डोंगरात जाऊन दगडांना भिंग लावत बसते, म्हटल्यावर लोकांनी तरी काय करावं? नावं ठेवायला आपल्याकडे फुरसत कधी कमी पडत नाही. खुद्द तिची आई नर्मदाबाई शेजारणींना सांगायची, की एखाद्या दिवशी दगडाला पाझर फुटेल पण आमच्या प्रभाला संसार काही सुचायचा नाही. प्रभावती हसायची. हसून सोडून देणं, कुणाचं मन न दुखवणं तिला फार चांगलं जमायचं, आणि पुढं तेच तिला नडलं.

ती बघायची ते दगडफूल. काळ्या मसाल्यात पडतं ते दगडफूल घरोघरच्या बायकांना माहीत असतं, पण त्याचं गणगोत केवढं मोठं आहे याची कुणाला कल्पना नसते. पुस्तकात त्यांना शैवाक म्हणतात. एक बुरशी आणि एक शेवाळ मिळून दगडावर बिऱ्हाड थाटतात. एकानं घर धरायचं, दुसऱ्यानं रांधायचं आणि दोघांनी मिळून उन्हातान्हात तग धरायचा. त्यांचे राखाडी, पिवळट, शेंदरी, काळसर चट्टे दगडावर पसरतात. बघणाऱ्याला वाटतं, दगडाला खरूज झालीय. वाढ म्हणाल तर वर्षाला नखाच्या जाडीएवढीसुद्धा नाही. तळहाताएवढा चट्टा दिसला, तर तो आपल्या पणज्याच्या आधीपासून तिथं बसलाय असं खुशाल समजावं.

जिंतूरच्या पुढच्या डोंगरात धामणदरा आहे. निजामाच्या राज्यात तिथं कुणा जहागीरदाराची शिकारगाह होती, त्यामुळं कुऱ्हाडीला आणि गुरांना मनाई. पुढं सरकारचं राखीव जंगल झालं, मनाई तशीच राहिली. दरा इतका अरुंद की ऊन तळाला पोचेस्तोवर दुपार होते. सगळा जिल्हा फाल्गुनात करपून निघतो तेव्हाही इथल्या दगडांच्या बुडाशी ओल असते, आणि त्या ओलीच्या आधारानं जिल्ह्यात दुसरीकडं कुठंच दिसणार नाहीत अशी दगडफुलं इथं नांदत होती. कुठल्या दगडावर कोणती जात, ती कुणाशेजारी वाढते, कुणाला हटवते, याची पाहणी करायची हे प्रभावतीचं काम. ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणूनच ती ते इतकं मनापासून करत असावी.

ती पहिल्यांदा तिथं गेली ते अठ्ठ्याहत्तर साल, श्रावण तोंडावर आलेला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एसट्या बंद पडल्या. दऱ्याच्या तोंडाशी धामणवाडी नावाचं चार आळ्यांचं गाव आहे, तिथं ती अडकली, आणि धुरपताबाई नावाच्या एका विधवा शेतकरणीनं काही न विचारता तिला घरात घेतलं. रस्ते मोकळे होईस्तोवर प्रभावती तिच्याकडंच राहिली. कुठल्या कुठल्या गावात दलितांच्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या कानावर यायच्या, आणि ही दिवस उजाडला की दऱ्यात जाऊन पावसानं हिरवेगार झालेले दगड बघायची. माणसं माणसांची घरं जाळत होती तेव्हा आपण दगडावरचे डाग बघत होतो, याची लाज तिला पुढं कायम वाटली. पण जीव जडायचा तो तेव्हाच जडला. त्याला कोण काय करणार?

त्यानंतर दहाएक वर्षं ती येत राहिली. गावाला आधी वाटलं, ही मसाल्यासाठी दगडफूल न्यायला येते. मग वाटलं, सोनं शोधते. मग काहीच वाटेनासं झालं. ती गावाची बाई झाली. धुरपताबाईला ती मावशी म्हणायची आणि धुरपताबाई तिला बाई. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातलं भिंग ती बायकांच्या हातात द्यायची, बाटलीतलं पाणी वाळक्या चट्ट्यावर शिंपडायची आणि बघता बघता राखाडी चट्टा पोपटी झालेला दाखवायची. बायका तोंडाला पदर लावून नवल करायच्या. एवढं मात्र खरं, की ती दगडाला छिन्नी लावायला फार कचरायची. वाढायला शंभर वर्षं लागतात ते आपण घटकेत खरवडायचं म्हणजे पापच, असं ती मानायची. म्हणून नमुना घ्यायची तो करंगळीच्या नखाएवढा.

दऱ्यात एक जात अशी होती की ती कुठल्याच पुस्तकात तिला सापडेना. राखी रंगाची, पापडाच्या कडेसारखी मुरडलेली, वर मोहरीएवढ्या काळ्या वाट्या. ती दोनच जागी होती. एक दऱ्याच्या तोंडाशी असलेला भलाथोरला दगड, त्याला गाव हत्ती म्हणायचं. दुसरी जागा पार वर, धबधब्याच्या माथ्यावरचे दगड. तिनं नखाएवढा तुकडा लखनौच्या एका जाणकाराला पाठवला. त्यांनी कळवलं की हे नवीन असू शकेल, पण एवढ्याशा तुकड्यावरून सांगता यायचं नाही, मोठा नमुना पाठवा. तिला तो काढवेना. ती म्हणाली, जरा वाढू दे.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीत तिच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या रस्त्याला खडी हवी होती, आणि धामणदऱ्याचा दगड काळा, टणक, रस्त्याला जवळ. दरा राखीव जंगलातून वगळून खाणीला द्यायचा, असं घाटू लागलं. प्रभावती कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागली. परभणी झाली, औरंगाबाद झालं. कुणी चहा पाजून वाटेला लावलं, कुणी विचारलं की बाई, वाघ आहे का तिथं, मोर तरी आहेत का? एका साहेबानं तर सरळच म्हटलं की दगडावरच्या बुरशीसाठी रस्ता अडवलेला मी आजवर ऐकला नाही. ती घरी यायची आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून पडायची. नर्मदाबाईंनी संसाराचा विषय तेव्हापासून काढायचा सोडला.

शेवटी दरा वगळायचा की नाही हे ठरवायला जी समिती नेमली, तिचे जे मोठे साहेब होते ते जरा ऐकून घेणारे निघाले. त्यांनी तिचं सगळं बोलणं ऐकलं, पाकिटातले वाळके तुकडे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, पाकिटांवर मी निर्णय देणार नाही. मी येतो. जागेवर दाखवा. एवढे रंग, एवढ्या जाती, ती तुमची नवी जात, हे डोळ्यांनी दिसलं तर दरा वगळू नये असं मी स्वतः लिहीन.

एवढं ऐकून तिला रडू आलं. दाखवायला तर तिच्याकडं अख्खा दरा होता.

दुसऱ्याच दिवशी ती धामणवाडीला गेली. धुरपताबाईच्या ओसरीवर पोलीस पाटील आश्रुबा बसला होता, पाच-सात बायका होत्या. प्रभावतीनं सांगितलं की मोठे साहेब लोक येणार आहेत, आपले दगड बघायला, त्यांना दगड आवडले तर दरा वाचेल. आणि जाता जाता म्हणाली, “तुम्ही मात्र काही करू नका हं, मावशी.”

आता हे आपल्याकडं कोण म्हणत नाही? पाहुणा उंबऱ्यात पाऊल टाकतो तेच मुळी ‘काही करू नका’ म्हणत. त्यानं तसं म्हणायचं आणि घरच्यांनी ते ऐकलं न ऐकलं करून चूल पेटवायची, हा दस्तूर आहे. खरोखरच काही केलं नाही तर गावभर इज्जत जाते. प्रभावतीनं स्वतः त्या ओसरीवर दहा वर्षं ‘काही करू नका’ म्हणत म्हणत धपाटे आणि पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या. तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

समिती मार्गशीर्षात आली. जीप गावाबाहेर थांबली, सगळे उतरले, प्रभावती पुढं आणि साहेब मागं असे दऱ्याच्या तोंडाशी आले. तिथं प्रभावतीचे पाय थांबले.

दरा पांढरा झाला होता. वाटेच्या दोन्ही बाजूंचे, ओढ्यातले, उतारावरचे सगळे दगड खरवडून, काथ्यानं घासून, धुऊन त्यांना चुना फासला होता. चुन्याच्या वर गेरूचा पट्टा होता. कलेक्टर येणार, मंत्री येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या दगडांना करतात तसं, फक्त इथं मनापासून केलेलं. दगडावरची ती खरूज नजरेला वाईट दिसते, साहेबापुढं आपल्या बाईची मान खाली जाईल, म्हणून आधी खुरप्यानं ती नीट काढलेली होती. हत्तीवर गेरूनं मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम’ लिहिलं होतं.

बायका नवी लुगडी नेसून एका रांगेत उभ्या होत्या. कापूस वेचायचे दिवस, पण चार दिवसांची मजुरी सोडून त्या दऱ्यात राबल्या होत्या. आश्रुबानं हातातला हार साहेबांच्या गळ्यात घातला.

साहेब वाईट नव्हते, हेच तर दुखणं. ते पुष्कळ आत चालत गेले. दोन-तीन ठिकाणी वाकून त्यांनी बोटानं चुना खरवडून बघितला. खाली नुसता काळा दगड निघाला. प्रभावती काहीबाही सांगत होती, इथं अशी जात होती, तिथं तशी, आणि आपलाच आवाज तिला वेड्या बाईच्या आवाजासारखा ऐकू येत होता. साहेबांनी तिला बाजूला घेतलं.

“इथं होतं, हे मला मान्य आहे,” ते म्हणाले. “तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही. पण बाई, आता राखायचं काय?”

जीप गेली.

धुरपताबाई जवळ आली. तिच्या दोन्ही तळव्यांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांत चुन्यानं चिरा पडल्या होत्या. वर हळद आणि तेल लावलेलं होतं. तिनं विचारलं, “बाई, साहेब खूश झाले न्हवं?”

प्रभावतीला सांगता आलं असतं. मावशी, तुम्ही माझा दरा मारलात, या हातांनी मारलात. शब्द दातांपर्यंत आले होते. पण ते हात समोर होते, रांगेतल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या, आणि ज्या घरानं दंगलीत तिला दाराआड घेतलं त्या घराच्या बाईला हे कसं सांगायचं? प्रभावतीकडं धीर नव्हता असं नाही. साहेबांपुढं, कचेऱ्यांमधून तिनं पुष्कळ धीर दाखवला. फक्त तो धुरपताबाईपुढं निघेना. “बघू, मावशी,” ती म्हणाली. “अजून त्यांचं ठरलं नाही.” आणि बाटली भरून घ्यायचं निमित्त करून एकटीच दऱ्यात वर निघून गेली. तिला जोरानं रडायचं होतं, आणि ते गावासमोर रडता येत नव्हतं.

पांढऱ्या दगडांमधून ती चालत राहिली. धबधबा आला, त्याच्या कडेनं ती हातापायांवर चढून माथ्यावर गेली, आणि तिथं तिला काळे दगड दिसले. आधी विश्वास बसेना. मग ती धावली. माथ्यावरचे सगळे दगड जसेच्या तसे होते. राखाडी, पिवळे, शेंदरी, आणि मधोमध ती मुरडलेल्या कडेची, मोहरीएवढ्या वाट्यांची नवी जात. तिनं बाटलीत उरलेलं घोटभर पाणी शिंपडलं आणि चट्टे हिरवे होईस्तोवर बघत बसली. रडली, पण ते रडणं वेगळं होतं. एवढ्या वर गावाचे हात का पोचले नाहीत, हे तिनं स्वतःला विचारलंसुद्धा नाही. देव तारी त्याला कोण मारी, एवढंच तिच्या मनात आलं. इथं तिचं चुकलं.

मग पुन्हा कचेऱ्या. साहेब भेटत नव्हते तर ती त्यांच्या दारासमोर बाकावर बसून राहिली. शिपायानं हाकललं तर अंगणात बसली. भेटल्यावर तिनं लाज सोडून पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. वरचे दगड शाबूत आहेत, नवी जात आहे, एकदा चढून या. साहेबांचे गुडघे दुखत होते, वरून दबाव होता, पण शेवटी ते म्हणाले की संक्रांतीनंतर एकदाच येईन, त्यानंतर मला सांगू नका. तिथं दिसलं तर अजूनही लिहीन.

समिती पुन्हा येणार हे तालुक्याहून आश्रुबा पाटलाला आधीच कळलं होतं. प्रभावती धामणवाडीत पोचली तेव्हा धुरपताबाईचं तोंड उतरलेलं होतं. मागच्या खेपेला साहेबाला दगड पसंत पडले नाहीत, हे गावाला समजलं होतं. का पडले नाहीत ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. जिला सांगायचं होतं तिनंच सांगितलं नव्हतं. आताही ती सांगायच्या तयारीनंच आली होती. एसटीत तिनं वाक्यं जुळवली होती. पण धुरपताबाईनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, मग संक्रांतीचे राखून ठेवलेले तिळाचे लाडू, आणि तांब्या धरणाऱ्या त्या बोटांवरच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली.

“मावशी, या खेपेला खरंच काही करू नका,” प्रभावती म्हणाली. “हात जोडते मी तुम्हाला.” तिनं खरोखर हात जोडले, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

धुरपताबाईनं ते जोडलेले हात आपल्या हातात घेतले. तिचेही डोळे भरले. “न्हाई करत, बाई,” ती म्हणाली. “तुमी जीवाला लावून घेऊ नका.”

बस, एवढंच. प्रभावती हलक्या मनानं परभणीला आली. त्या रात्री ती पोटभर जेवली, आणि नर्मदाबाईंनी पुष्कळ दिवसांनी देवापुढं साखर ठेवली.

ठरल्या दिवशी जीप सकाळी उशिरा यायची होती. प्रभावती सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाली, फाट्यावर उतरून झपाझप चालत गावाला वळसा घालून थेट दऱ्यात शिरली. पांढरे दगड तिनं बघितले नाहीत, मान खाली घालून ती त्यांच्यामधून गेली. पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. साहेब आले की चट्ट्यांवर पाणी शिंपडायचं, ते हिरवे होताना दाखवायचे, मग भिंग हातात द्यायचं, हे तिनं मनात पक्कं केलं होतं.

धबधब्याशी आली तर वरून धुरपताबाई उतरत होती. डोक्यावर रिकामं घमेलं, हातात केरसुणीचा कुंचा, लुगड्याचा ओचा वर खोचलेला. या वयात ती चढण चढायची म्हणजे खेळ नव्हता. दगडाला धरून धरून ती खाली येत होती, आणि प्रभावती दिसताच थांबली. मग लाजल्यासारखी हसली.

“तुमी कामून आलाव एवढ्या लवकर? तुमी यायच्या आत आमी घरी जाऊ म्हणलं हुतं.”

प्रभावतीला वर बघायचं नव्हतं. तरी तिनं बघितलं. माथ्यावरचे दगड धुतलेल्या धोतरासारखे पांढरे होते आणि ओल्या चुन्याचे ओघळ धबधब्याच्या काळ्या कड्यावरून खाली येत होते. वर आणखी दोघी-तिघींच्या बोलण्याचा आवाज येत होता. खुरपी दगडावर घासल्याचा आवाज येत होता, आणि ती ऐकत असतानाच तोही थांबला.

“मागल्या बारीला चुना सरला,” धुरपताबाई सांगू लागली. “वरचे दगड तसेच राहिले, काळेबेंद्रे. साहेबाच्या नजरंला तेच पडले आसतील. आमच्याकून काम आर्धं राहिलं आन तुमाला हात जोडावं लागले, बाई, आमच्यापायी. तुमी मोठ्या मनाच्या, तुमी नगंच म्हणणार. पर आमाला कळत न्हाई व्हय? म्हून पोतंभर आणला. आता एकबी दगड राहिला न्हाई.”

प्रभावतीला ओरडावंसं वाटलं. त्या म्हातारीला धरून गदागदा हलवावंसं वाटलं, आणि तिच्याच पायांवर डोकं ठेवून पडावंसंही वाटलं. यातलं काहीच झालं नाही. दहा वर्षांत हिला मी भिंगातून सगळं दाखवलं, पण हे जिवंत आहे, एवढं एक वाक्य कधी सांगितलं नाही, असं तिच्या मनात आलं. धुरपताबाईच्या हातांवरचा चुना वाळत चालला होता. जुन्या चिरा पुन्हा उघडल्या होत्या आणि त्यांतून रक्त येत होतं. प्रभावतीनं पिशवीतली बाटली काढली आणि ते हात धरून त्यांवर पाणी ओतलं. एक बाटली संपली, तिनं दुसरी काढली.

खाली, गावाच्या अंगाला, जीप आल्याचा आवाज झाला.

“आले वाटतं,” धुरपताबाई म्हणाली. ओले हात तिनं पदराला पुसले आणि प्रभावतीच्या तोंडाकडं बघितलं. “आता तरी पसंत पडंल न्हवं, बाई?”

“पडंल, मावशी,” प्रभावती म्हणाली, आणि साहेबांना सामोरी जायला दगड धरत खाली उतरू लागली.